"अजून एकच टेक": शूटिंगमध्ये जीव पणाला लावणाऱ्यांबद्दल

सीताबर्डीची | सोमवार, रात्री 10:42

हा धागा काढायचा की नाही, यावर महिनाभर घुटमळले. आज काढतेच.

माझा भाचा 22 वर्षांचा. इंजिनिअरिंगला आहे, पण जीव सगळा सिनेमात. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी नागपूरच्या बेसा भागातल्या एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत त्याच्या मित्रांच्या लघुपटाचं शूटिंग होतं. पाठलागाचा प्रसंग. याने पहिल्या मजल्याच्या सज्जावरून उडी मारायची, खाली चार गाद्या. उंची साधारण 10 फूट. पहिली उडी छान झाली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग कॅमेऱ्यावरचा मुलगा म्हणाला, "फोकस गेला रे थोडा, अजून एकच टेक." जागा 12 वाजेपर्यंतच मिळाली होती आणि ऊन तर तुम्हाला माहीत आहे आपल्याकडचं. पहिल्या उडीने गाद्या सरकून मध्ये फट पडली होती. ती कोणाच्या लक्षात आली नाही. भाचा नेमका त्या फटीत, उघड्या काँक्रीटवर, टाचांवर उतरला. दोन्ही टाचांची हाडं फुटली, कमरेचा एक मणका दबला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "गाद्यांजवळ कोण होतं?" आठ पोरं उभी होती समोर. एक कॅमेऱ्यावर, एक रिफ्लेक्टर धरून, एक गेटवर, एक संवादांचे कागद घेऊन. गाद्यांजवळ कोणीच नव्हतं. तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचते आहे. 'कुली'च्या वेळचा अमिताभ बच्चन यांचा अपघात आठवतो ना सगळ्यांना? 26 जुलै 1982, बंगळूर. मी लहान होते, आई रोज टेकडीच्या गणपतीला जायची. मला वाटायचं काहीतरी प्रचंड झालं असेल, आग, स्फोट. प्रत्यक्षात काय होतं? पुनीत इस्सरबरोबर साधी मारामारी. एक ठोसा, मागे टेबलावर पडायचं. पडण्याचा क्षण चुकला आणि टेबलाचा कोपरा पोटात गेला. आतडं फाटलं. बाहेरून धड रक्तही नव्हतं, म्हणून आत काय झालंय ते कळायलाच वेळ लागला. पुढे त्यांना 60 बाटल्या रक्त चढवलं. त्यातल्या कोणाच्या तरी रक्तातून हिपॅटायटिस बी आलं आणि ते कळलं 2000 साली, यकृताचा मोठा भाग गेल्यावर. हे त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितलं आहे. एका टेबलाच्या कोपऱ्याने 18 वर्षांनीही पाठ सोडली नव्हती.

आणि मल्याळममधले जयन. 16 नोव्हेंबर 1980, मद्रासजवळचं शोलावरम. चालत्या मोटरसायकलवरून हेलिकॉप्टरला लटकायचं होतं. शॉट आधीच मिळाला होता, तरी त्यांनी स्वतः पुन्हा एकदा करू म्हटलं, असं सांगतात. त्या वेळी हेलिकॉप्टरच कोसळलं. वय 41.

अजून एकच टेक.

माझं म्हणणं एवढंच आहे. मोठ्या स्टंटला सगळे घाबरतात, म्हणून तिथे निदान तयारी तरी होते. माणूस सापडतो तो "एवढंसं तर आहे" म्हणून केलेल्या शॉटमध्ये, नाहीतर तयारी मोडून गेल्यावर घेतलेल्या पुढच्या टेकमध्ये. तिथे थांबा म्हणायचा अधिकार कोणाला असतो? असतो का? नाटक-सिनेमात काम केलेले, किंवा या कामाची माहिती असलेले कोणी इथे असतील तर लिहा.

---

वडसेकर | सोमवार, रात्री 11:30

ताई, भाच्याला लवकर बरं वाटो. टाच फार वेळ घेते, धीर धरा.

मी झाडीपट्टीच्या नाटकांत 14 सीझन काम केलं. दिवाळी झाली की आमचे प्रयोग सुरू. वडसा, ब्रह्मपुरी, लाखांदूर, कुठेकुठे. रात्री दहाला पडदा वर जातो आणि पहाटेपर्यंत नाटक. मंडपात चार-पाच हजार माणूस बसलेलं असतं. आमच्याकडे रिटेक नाही, त्यामुळे मारामारी असली की दुपारी तालीम व्हायचीच. तलवार लाकडाची असली तरी डोळा जातोच की.

सगळ्यात वाईट प्रसंग फाशीचा. लोकांना वाटतं गळ्यात दोर आहे. खरा भार असतो कपड्याच्या आत बांधलेल्या पट्ट्यावर, तो पाठीमागून वरच्या दोराला अडकवतात. गळ्यातला फास नुसता दिसायला, आणि तो ओढला की सुटला पाहिजे असाच बांधायचा. आमच्या एका म्हाताऱ्या दिग्दर्शकांचा नियम होता. फाशीच्या प्रवेशात विंगेत एक माणूस सुरा घेऊन उभा राहणार, त्याला दुसरं काम नाही. संवाद सांगायचा नाही, पडदा ओढायचा नाही. नटाने डाव्या हाताची मूठ उघडली की दोर कापायचा, नाटक गेलं खड्ड्यात. मूठ मिटलेली असेपर्यंत सगळं ठीक. गळा आवळला तर ओरडता येत नाही, म्हणून हाताची खूण.

एकदा माझी मूठ उघडली. पट्ट्याचं बक्कल सरकलं होतं. त्या माणसाने दोर कापला, मी धाडकन खाली. प्रेक्षकांना वाटलं, नाटकातच आहे, टाळ्या पडल्या.

तुमच्या डॉक्टरांचा प्रश्न वाचला आणि तो सुरावाला माणूस आठवला.

अजून एक लिहितो, कारण हे कोणी धोक्यात धरत नाही. आमच्यातले जे गेले ते रंगमंचावर गेले नाहीत. प्रयोग संपवून पहाटे चारला गाडीत बसायचं, ड्रायव्हरही रात्रभर जागा, आणि दुसऱ्या गावी दुपारपर्यंत पोचायचं. त्या रस्त्यांनी माणसं नेली.

---

पोट्ट्याची_आई | मंगळवार, सकाळी 7:15

ताई, वाचून जीव कसातरी होऊन राहिला. माझं पोट्टं पण फुटाळा तलावावर रील बनवाले जाते. मी म्हणते काहून जीवावर उदार होता रे, तर म्हणते, "आई, तुले काही समजत नाही." आज हा धागा त्याले वाचाले देतो. तुमचा भाचा चालाले लागला का?

---

निवृत्त_फायरमन | मंगळवार, सकाळी 9:05

32 वर्षं अग्निशमनात काढली, त्यातली बरीच नागपुरात. आगीबद्दल लिहितो, कारण हौशी शूटिंगवाले आगीशी सगळ्यात बेफिकीर वागतात.

'मदर इंडिया'ची गोष्ट सगळ्यांना प्रेमकथा म्हणून माहीत आहे. 1957 साली गुजरातेत बिलीमोऱ्याजवळ गवताच्या गंज्या पेटवल्या होत्या. आग हाताबाहेर गेली, नर्गिस आत अडकल्या, सुनील दत्त घुसले आणि त्यांना बाहेर काढताना स्वतः भाजले. वर्षभराने लग्न झालं, छान झालं. पण माझ्यासारख्या माणसाला त्यात वेगळंच दिसतं. आत जाऊन बाई बाहेर काढायचं काम एका नटाने केलं. ते काम ज्याचं, तो माणूस कुठे होता?

दुसरी घटना 8 फेब्रुवारी 1989 ची. म्हैसूरचा प्रीमियर स्टुडिओ, टिपू सुलतानवरची दूरदर्शन मालिका. 62 माणसं गेली. संजय खान 65 टक्के भाजले आणि कित्येक महिने दवाखान्यात होते. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोणपाट लावलेलं, वर तापलेले दिवे, आत दारूकाम, हवा खेळायला जागा नाही, आग विझवायची धड सोय नाही. यातली एकेक गोष्ट सुटी पाहिली तर कोणाला भीती वाटणार नाही. आमच्या खात्यात शिकवतात की आगीला तीन गोष्टी लागतात: जळण, हवा, ठिणगी. त्या स्टुडिओत तिन्ही मांडून ठेवल्या होत्या आणि माणसांना बाहेर पडायला वाट मात्र पुरेशी नव्हती. मेले ते बहुतेक पडद्यावर कधी न दिसणारे कामगार आणि गर्दीतले कलाकार.

अंगाला आग लावून पळायचा शॉट असतो त्याबद्दल. व्यावसायिक लोक आतून आग न धरणारे कपडे घालतात, उघड्या कातडीवर थंड जेल थापतात आणि सगळं काही सेकंदांत आटोपतं. पेटलेला माणूस श्वास रोखून धरतो, कारण ज्वाळेतली हवा आत घेतली तर श्वासनलिकाच भाजते, आणि ते बाहेरून दिसत नाही. आजूबाजूला ओली ब्लँकेटं आणि अग्निशामक घेतलेली माणसं असतात. पेटलेला माणूस जमिनीवर पालथा झाला की विझवायचं, दिग्दर्शकाच्या 'कट'ची वाट बघायची नाही. ही खूण आधी ठरलेली असते.

आपल्याकडची पोरं काय करतात? पॉलिस्टरचा टी-शर्ट, बाटलीत पेट्रोल, मे महिना. पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं आणि पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते, ती दिसत नाही. आगीचं दृश्य हवं असेल तर संगणकावर करा. खरीच हवी असेल तर जवळच्या अग्निशमन केंद्रात आधी विचारायला जा. तिथे कोणी हाकलून देत नाही.

---

संत्रानगरी_रायडर | मंगळवार, दुपारी 1:20

सगळ्यांचा आदर ठेवून थोडं वेगळं लिहितो. मी बाइक स्टंट करतो, मोकळ्या मैदानात, पूर्ण गियर घालून. खांदा दोनदा निखळलाय, तरी करतो. धोका नसेल तर स्टंट कसला? प्रेक्षक पैसे त्याचेच देतात. सगळं संगणकावर केलं तर दोन मिनिटांत कळतं की खोटं आहे. आणि ज्याला करायचं आहे तो सज्ञान आहे, त्याला माहीत आहे आपण काय करतोय. मावशीच्या भाच्यालाही कोणी ढकललं नव्हतं. प्रत्येक ठिकाणी थांबा म्हणणारा माणूस बसवला तर कोणी काही करणारच नाही, ही भीती मला खरंच वाटते.

---

जुना_फायटर | मंगळवार, रात्री 11:58

मी सहसा फक्त वाचतो. रायडर भाऊंचं वाचलं आणि राहवलं नाही.

मी सक्करदऱ्याचा. 1994 ला मुंबईला गेलो, 2009 ला परत आलो. मधली 15 वर्षं फायटर आणि डुप्लिकेट म्हणून काम केलं. कोणाचा डुप्लिकेट होतो ते लिहीत नाही.

भाऊ, तुम्ही खांदा निखळल्यावर परत गाडीवर बसलात. तुम्हाला बसा असं कोणी म्हटलं नव्हतं. 'नाही बसत' म्हटलं असतंत तर घरी जाऊन झोपला असतात. सेटवर तसं नसतं. 150 माणसं उभी आहेत, हिरोची तारीख संध्याकाळपर्यंतच आहे, क्रेनचं भाडं चालू आहे, आणि फाइट मास्टर तुमच्याकडे बघतोय. तुम्ही नाही म्हणालात तर मागे चार जण उभे आहेत जे हो म्हणतील, आणि उद्या फोन त्यांना जाईल. माझ्या तोंडून 15 वर्षांत 'नाही' किती वेळा निघालं असेल? दोनदा. दोन्ही वेळा महिना-महिना घरी बसलो. तो सज्ञान होता हे वाक्य मी फार लोकांच्या तोंडून ऐकलंय, बहुतेक वेळा स्मशानात.

आता गाद्यांबद्दल. ताई, उंचावरून पडायला नुसत्या गाद्या कोणी जाणता माणूस लावत नाही. आमचे फाइट मास्टर खोके लावायचे. पुठ्ठ्याचे रिकामे खोके, न दबलेले, सगळे एका मापाचे. थरावर थर. ते फाकू नयेत म्हणून चारही बाजूंनी दोर, वर गाद्या, त्यावर ताडपत्री. माणूस पडला की खोके चेपतात आणि तो मार खोक्यांत जातो, तुमच्या मणक्यात जात नाही. आता यातलं महत्त्वाचं ऐका. एकदा चेपलेला खोका पुन्हा चेपत नाही, म्हणून प्रत्येक उडीनंतर सगळं उघडून चेपलेले खोके काढायचे आणि नवे भरायचे. दुसऱ्या टेकला अर्धा तास लागतो. दिग्दर्शक चिडायचे. आमचा मास्टर शांतपणे बिडी पेटवायचा आणि म्हणायचा, खोके भरेपर्यंत चहा घ्या. पुढे हवेच्या मोठ्या गाद्या आल्या, पण लहान सेटवर खोके अजून आहेत.

मी पाहिलेले मोठे अपघात उडीचे कमीच आहेत. जास्त केबलचे. हार्नेसच्या वायरला वरून क्रेनने धरलेलं असतं, चार माणसं खालून दोर ओढतात. वायर कुठे झिजली आहे, वर विजेची तार आहे का, हे सकाळी बघायचं असतं. 2021 साली बंगळूरजवळ एका कन्नड सिनेमाच्या सेटवर हेच झालं, वरच्या उच्चदाबाच्या तारेशी संपर्क आला आणि विवेक नावाचा तरुण फायटर गेला. 2022 मध्ये चेन्नईकडे एका शूटिंगला दोर तुटून एक जण गेला. 2024 मध्ये तिथेच 20 फुटांवरून पडून एक. 2025 च्या जुलैत नागपट्टिनमला एस. एम. राजू गाडी रॅम्पवरून उडवताना गेले. ते तिथले नावाजलेले, वर्षानुवर्षं गाड्या उडवणारे. कसलेल्या माणसालाही गाडी सोडत नाही.

राजू गेल्यावर बातम्यांत आलं की अक्षय कुमारने सुमारे 650 स्टंटवाल्यांचा विमा काढून दिला आहे. त्यांचं मोठेपण आहे, मनापासून हात जोडतो. पण विम्यासाठी एका हिरोच्या मनावर अवलंबून राहावं लागतं, हे मला टोचतं. माझ्या वेळी तर कंपन्या आमचा फॉर्मच घ्यायच्या नाहीत. कामाचं नाव वाचून परत करायच्या. लाइट बिलाच्या रांगेत उभं राहावं तसे आम्ही एकदा सहा जण एका ऑफिसात उभे होतो, सहाही जणांना परत पाठवलं.

बायकांचं तर अजून कठीण. रेश्मा पठाण यांचं नाव ऐकलं असेल, 'शोले'तला टांगा चालवताना हेमामालिनींच्या जागी त्याच होत्या. टांगा उलटला, जबर मार लागला, तरी परत उभ्या राहून काम पूर्ण केलं. पुरुषाला शर्टाच्या आत पॅड घालता येतं. हिरोईनचे कपडे तोकडे किंवा झिरझिरीत असले की गुडघ्याला, कोपराला काही बांधायला जागाच नसते. त्या तशाच पडतात.

आता 2028 च्या ऑस्करपासून स्टंटला बक्षीस सुरू होतंय. आपल्याकडे राष्ट्रीय पुरस्कारात ते 2017 मध्येच आलं, पीटर हेन यांना पहिलं मिळालं. चांगलं आहे. माझा उजवा गुडघा आज जिना चढताना अडकतो, आणि तो कोणत्या सिनेमात गेला ते मलाही नक्की सांगता येत नाही. एका पडण्याने गेलाच नाही. शेकडो लहान पडण्यांनी गेला, ज्यांची कोणी 'अपघात' म्हणून नोंद केली नाही.

---

वडसेकर | बुधवार, सकाळी 8:10

फायटर भाऊ, चहावाले मास्टर भेटायला हवे होते.

---

अंबाझरीचा_पाणकोंबडा | बुधवार, सकाळी 10:26

पाण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. रोज पोहणारा माणूस आहे.

7 नोव्हेंबर 2016, बंगळूरजवळचा तिप्पगोंडनहळ्ळी जलाशय. 'मास्ती गुडी' या सिनेमासाठी तीन नटांनी हेलिकॉप्टरमधून पाण्यात उड्या मारल्या. हिरोला काठावर आणलं गेलं. अनिल आणि उदय हे खलनायक करणारे दोघे बुडाले. त्या दोघांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. पोहायला फारसं येत नाही, असं त्यांनी आधी टीव्हीवर सांगितलं होतं. ती क्लिप अजूनही फिरते, मी ती दुसऱ्यांदा बघू शकलो नाही.

बाहेरून पाणी मऊ वाटतं. 30-40 फुटांवरून आडवं पडलात तर फरशीसारखं लागतं, छातीतली हवा जाते आणि पहिला श्वास पाण्यात घेतला जातो. धरणाच्या तळाला गाळ, त्यात झाडोरा. बूट आणि जीन्स भिजले की पाय उचलत नाहीत. आणि बचाव बोट सुरू करायला लागणारी दोन मिनिटं म्हणजे माणसाचं आयुष्य. बोट उडीच्या जागी आधीपासून चालू इंजिनाने उभी हवी.

आपल्या इथे 2017 च्या जुलैत वेणा धरणात नाव उलटून तरुण पोरं गेली, नावेतून फेसबुक लाइव्ह चालू होतं. आई असलेल्या ताईंनी फुटाळ्याचं लिहिलंय म्हणून आठवलं. ताई, मुलाला शक्य असेल तर आधी पोहायला पाठवा.

---

कोर्टाच्या_वाटेवर | बुधवार, रात्री 9:47

वकील आहे, जिल्हा न्यायालयात कामगारांचे दावे चालवते. ताई, मुद्द्याचं लिहिते.

"मी माझ्या जबाबदारीवर स्टंट करत आहे" असा कागद बहुतेक ठिकाणी सही करून घेतात. त्या कागदाला घाबरू नका. 1923 च्या भरपाई कायद्यात स्पष्ट कलम होतं (17 वं), की कामगाराने भरपाईचा हक्क सोडल्याचा कोणताही करार रद्दबातल. त्या कायद्याच्या अनुसूचीत चित्रपटनिर्मितीचं कामही येत होतं. सिनेकामगारांसाठी 1981 चा वेगळा कायदा होता, त्यात लेखी करार सक्तीचा होता. आता हे दोन्ही नव्या कामगार संहितांमध्ये सामावले आहेत, त्यामुळे अपघात कोणत्या तारखेचा यावर कोणतं कलम लावायचं ते ठरतं.

अडचण दुसरीच आहे. तुमच्या भाच्याने पैसे घेतले होते का? मित्रांसाठी फुकट काम केलं असेल तर तो 'कामगार' ठरणं कठीण. 2000 रुपये जरी घेतले असतील आणि त्याचा मेसेज असेल तरी चित्र बदलतं. नसेल तर निष्काळजीपणाचा दावा उरतो. भारतीय न्याय संहितेचं कलम 125 आहे, दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणारं बेदरकार किंवा निष्काळजी कृत्य. पण मग समोर ती आठ पोरंच आरोपी. ते तुम्हाला हवं आहे का, हे तुम्हीच ठरवायचं.

माझ्याकडे येणाऱ्या दहांतले नऊ जण तरी हेच म्हणतात: कागद काहीच नव्हता, सगळं तोंडी होतं. म्हणून पुढच्या वेळी निदान व्हॉट्सअॅपवर तरी लिहून घ्या. कोणता शॉट, कोणती उंची, खर्च कोण करणार, जवळचा दवाखाना कोणता.

बंदुकीबद्दल कोणी लिहिलं नाही, मी वाचलेलं सांगते. हॉलिवूडचा नट ब्रँडन ली 31 मार्च 1993 ला शूटिंगमध्ये गोळी लागून गेला. खऱ्या काडतुसातली दारू काढून दिखाऊ काडतूस केलं होतं, पण मागची टोपी जिवंत राहिली. तिच्या धक्क्याने गोळी नळीत अडकून बसली आणि नंतर त्याच बंदुकीत दारूचा नुसता बार भरून उडवला, तेव्हा ती बाहेर आली. 2021 ला न्यू मेक्सिकोत 'रस्ट'च्या सेटवर तर खरं काडतूसच रिव्हॉल्व्हरमध्ये निघालं. कॅमेरा सांभाळणाऱ्या हॅलिना हचिन्स गेल्या, आणि शस्त्रं सांभाळणाऱ्या मुलीला 18 महिन्यांची शिक्षा झाली. दोन्ही ठिकाणी बंदूक किती हातांतून गेली आणि त्यातल्या कोणी नळी उघडून पाहिली, एवढाच प्रश्न शेवटी उरतो.

---

संत्रानगरी_रायडर | बुधवार, रात्री 11:15

फायटर काका, तुमची पोस्ट तीनदा वाचली. मला कोणी "बस" म्हणालं नव्हतं, हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. मी जे लिहिलं ते माझ्या मैदानापुरतं खरं असेल, सेटपुरतं नाही. मावशी, भाच्याबद्दल "कोणी ढकललं नव्हतं" लिहिलं, ते चुकलं माझं.

---

सीताबर्डीची | गुरुवार, रात्री 10:20

सगळ्यांचे मनापासून आभार. पोट्ट्याच्या आई, तो आता वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत येतो. टाचेवर पूर्ण भार द्यायला डॉक्टरांनी अजून सहा आठवडे सांगितलेत.

वकीलताई, पैसे घेतले नव्हते. बहिणीशी बोलले. तक्रार करायची नाही असं तिने आणि भाच्याने ठरवलं आहे. मला ते पूर्ण पटलेलं नाही, पण निर्णय त्यांचा.

काल ती आठही पोरं घरी आली होती. मी हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. सुरावाल्या माणसाच्या गोष्टीपर्यंत आले तेव्हा कॅमेऱ्यावरचा मुलगा उठून गॅलरीत गेला. बराच वेळ आत आला नाही. मी मागे गेले. म्हणाला, "मावशी, गाद्या सरकलेल्या मला व्ह्यूफाइंडरमध्ये दिसल्या होत्या. मला वाटलं, कोणीतरी नीट करेल." माझा राग त्यानंतर कुठे गेला कळलं नाही. त्याला पोहे दिले.

त्यांना तो लघुपट पूर्ण करायचा आहे. उडीशिवाय.

---

टाचवाला | गुरुवार, रात्री 11:02

मी तो भाचा. मावशीच्या लॅपटॉपवरून आयडी काढला.

पहिल्या उडीनंतर माझी कंबर थोडी दुखली होती. मी बोललो नाही. सगळे एवढे खूश होते. हे घरी कोणाला सांगितलं नव्हतं, इथे लिहितो.

फायटर काका, एक विनंती. आमच्या ग्रुपला खोके कसे रचतात ते शिकवाल का? मला उडी मारायची नाही, मारूही शकत नाही. पण पुढे कोणीतरी मारेल आणि तेव्हा गाद्यांजवळ मला उभं राहायचं आहे.

---

जुना_फायटर | शुक्रवार, सकाळी 6:40

येतो बाळा. रविवारी सकाळी सात वाजता, ऊन व्हायच्या आत. जागा तुमच्या घराजवळची बघा, म्हणजे तुला वॉकरवर फार चालावं लागणार नाही. खुर्ची टाकून बस.

खोके इतवारीतून आणा, किराण्याच्या होलसेलवाल्यांकडे रिकामे पडलेले असतात. ओले नकोत, फाटलेले नकोत, सगळे एका मापाचे. 60 तरी लागतील. दोन जाड दोर आणि ताडपत्री माझ्याकडे आहे.

उडी कोणीही मारायची नाही. वरून 50 किलोचं तांदळाचं पोतं टाकू, मग सगळं उघडून कोणते खोके चेपले ते बघू, आणि पुन्हा भरू. पहिल्या दिवशी एवढंच.

कॅमेऱ्यावरच्या मुलाला नक्की आण.

---

निवृत्त_फायरमन | शुक्रवार, सकाळी 7:02

मीही येतो. दोन अग्निशामक आणि एक जुनं ब्लँकेट घेऊन.